कोंबडीवाले डॉक्टर

नागपूरहून तपासणीचे साहेब आले होते आणि नेमकी त्याच वेळी आमच्या रक्तपेढीच्या जनरेटरच्या खोलीतून एक तांबडी कोंबडी डुलत डुलत बाहेर आली. फ्रिजचं तापमान बघणारे साहेब थांबले. कोंबडीही थांबली. मी तेव्हा तिथे लॅब टेक्निशियन होते. हातात ट्रे, तोंडाला मास्क, आणि मास्कच्या आत हसू दाबता दाबता माझा जीव चालला होता. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मात्र चष्मा नाकावर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "डोनर नाई हाय हे. वजन कमी हाय तिचं."

तपासणीचे साहेब इतके हसले की जनरेटरची खोली बघायचीच विसरले. बरं झालं, कारण आत पोत्यात आणखी एक होती.

आता रक्तपेढीत कोंबड्या काऊन, हे सांगायचं तर आधी साहेबांबद्दल सांगावं लागेल. ते आमच्या चंद्रपूरच्या रक्तपेढीचे मुख्य डॉक्टर. घराणं बांगडीवाल्यांचं. थोरले भाऊ आणि भाभी गावातल्या बाजारात दुकानावर बसायचे, हे एकटेच डॉक्टर झाले. मे महिन्यात चंद्रपुरात डांबर वितळते, तेव्हाही यांच्या अंगात करडा अर्धा स्वेटर असायचा. "साहेब, काऊन हो?" विचारलं तर म्हणायचे, "बाई, रक्ताच्या फ्रिजसंग राहाचं तं त्याच्यावानी राहाव लागते." कोंबडीचं मटण तर सोडाच, रस्साही खायचे नाहीत. वांग्याचं भरीत आणि भाकर मिळाली की खूश. मोबाइल होता, पण तो नेहमी स्कूटरच्या डिक्कीत. सिव्हिल सर्जननी फोन केला की तो डिक्कीच उचलायची.

आणि कुजबुज त्यांना अजिबात चालायची नाही. लॅबमध्ये आम्ही दोघी बाया डोकं जोडून काही बोलायला लागलो की टेबलावर पेन आपटायचे. "जोरानं बोला! हळू बोललं की लोक कान देतात. जोरानं बोललेलं कोनी आयकत नाई." त्यांच्या मते जिल्ह्यातली सगळ्यात गुप्त जागा म्हणजे भद्रावतीचा बसस्टँड. भोंग्यावर गाड्या पुकारल्या जातात, कंडक्टर ओरडतात, खारे शेंगदाणेवाला ओरडतो, तिथे माणूस काय बोलला ते त्याच्या सावलीलाही कळत नाही. मला हसू यायचं. पण हे गंमत म्हणून नव्हतं, हे त्यांचं काम होतं.

रक्तदानाची प्रत्येक पिशवी आम्ही रुग्णाला देण्याआधी तपासतो. त्यात एक तपासणी हिपॅटायटिस बी ची. आमच्याकडे तिला पांढरी कावीळ म्हणतात, पांढरं काहीच होत नाही तरी. खरी पंचाईत अशी की ज्याच्या रक्तात ती सापडते त्याला बहुतेकदा काहीच होत नसतं. धडधाकट माणूस, नांगर धरणारा, पोतं उचलणारा. तो बिचारा कोणाचा तरी जीव वाचवायला म्हणून शिबिरात येतो, केळं-बिस्कीट खाऊन छाती काढून घरी जातो, आणि मागून आम्ही त्याला निरोप धाडतो की बाबा रे, तुझी पिशवी फेकून दिली. साहेब म्हणायचे, "मानूस पुन्य कराले येते अन् आपन त्याले बिमारी सांगतो. मंग सांगाची काही रीत पायजे का नाई, बाई?"

विचारायचीही त्यांची रीत होती. शिबिरात फॉर्मवर प्रश्न असतात, गोंदवलं काय, कुठी सुई घेतली काय, आणि आमची माणसं सगळ्याला 'नाई' म्हणून मोकळी होतात. साहेब फॉर्म उलटा ठेवायचे आणि गप्पा सुरू करायचे. एका जवान गड्याच्या दंडाकडे बघून म्हणाले, "व्वा! महादेवाचं त्रिशूळ काय झकास काढलं बे. कुठी?" गडी फुलला. "मारकंड्याच्या जत्रेत, साहेब! आत्ताच, शिवरात्रीले." "अन् सुई?" "सुई कायची नवी! लाईन होती ना मोठी, एकच सुई चालू होती." साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, केळं हातात दिलं आणि वर्षभराने यायला सांगितलं. गडी जाताना हसत गेला. आपल्याला परत पाठवलं हे त्याला घरी गेल्यावर कळलं असेल.

पण सांगायची रीत म्हणजे कळस. चिठ्ठी पाठवायची नाही, कारण गावात पोस्टमन ती वाचून देतो. फोन करायचा नाही, कारण फोन पोराच्या हातात असतो. रक्तपेढीची जीप न्यायची नाही, कारण लाल अक्षरं दिसली की अर्धं गाव मागे धावते. बाईला सांगायचं असेल तर तिला भाभीच्या बांगडीच्या दुकानात बोलवायचं. बाई बांगडीच्या दुकानात गेली म्हणून कोणी डोळा वर करून पाहत नाही. भाभी तिच्या हातात एकेक बांगडी चढवायच्या आणि साहेब शेजारी बसून समजावून सांगायचे की घाबराचं नाई, तपासण्या करू, गोळ्या लागल्या तं देऊ, घरच्याईले लस देऊ, संसार चालूच राहील. आणि गड्याला सांगायचं असेल तर साहेब स्कूटर काढायचे, डोक्याला रुमाल बांधायचे, आणि गावात जाऊन त्याच्याच घरी गावरान कोंबडी विकत मागायचे. कोंबडी पकडायला म्हणून दोघं परसात जायचे. कोंबडी काही लवकर हाती लागत नाही. तेवढ्या धावपळीत, ओरडाओरडीत, साहेब सगळं सांगून मोकळे व्हायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "साहेब, कोंबडी पकडता पकडता कोणी असली बातमी सांगते काय? त्याच्या छातीत धस्स होत असंल." तर म्हणाले, "धस्स होतेच. पन हात कामात असले की मानूस पडत नाई." कोंबडी घेऊन परत यायचे, ती आमच्या ड्रायव्हरला, झाडूवाल्या मावशीला, कोणालाही देऊन टाकायचे. घरी न्यायची सोय नव्हती, बायको दारातूनच परत पाठवायची. म्हणून ती जनरेटरची खोली.

गावोगावी लोकांना वाटायचं, एवढा मोठा डॉक्टर अन् कोंबडीवर भारी जीव आहे बुवा याचा. हा डॉक्टर कशासाठी कोंबडी घेतो, हे फक्त ज्याच्या घरी तो त्या कामाने गेला त्यालाच ठाऊक. आणि तो कशाला कोणाला सांगतो! इतका पक्का बंदोबस्त होता. आणि तो फसला कुठे, तर साहेब खरोखरची कोंबडी आणायला गेले तेव्हा.

झालं असं, भाभीचा जावई बल्लारपूरहून येणार होता आणि भाभीला गावरानच पाहिजे होती. मूल तालुक्यातल्या एका गावात आम्ही शिबिर घेतलं होतं, तिथे एका धानवाल्या बाईने साहेबांना म्हटलं होतं, "आमच्या कोंबड्या पाहा एकदा, साहेब." बाईचा नवरा नव्हता, भाऊ जवळ राहून शेती पाहत होता. पोरगी चांगली शिकलेली, तालुक्याच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम शिकत होती आणि त्याच शिबिरात तिने रक्तही दिलं होतं. तर साहेब स्कूटर घेऊन गेले, कोंबडी घेतली, चहा प्यायले, आले. जावई जेवून गेला. गोष्ट संपायला पाहिजे होती.

नाही संपली. त्या पोरीचं लग्न भद्रावतीकडच्या एका घरी जमलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला पोराचा बाप आला; व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. बोलता बोलता बाई मोठ्या कौतुकाने म्हणाली, "आमच्या घरची कोंबडी तं चंद्रपूरचे मोठे डॉक्टर स्कूटरवर येऊन घेऊन गेले, इवाई!" झालं. इवाईने हातातला कप खाली ठेवला, तारीख न काढताच निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की त्या घरात पांढरी कावीळ आहे, आम्ही पोरगी करत नाही.

माय, मामा आणि पोरगी तिघं रक्तपेढीत आली. माय रडून रडून अर्धी झालेली. साहेबांनी पोरीला एकटीला आत घेतलं, मी तिथेच होते. म्हणाले, "तुझं रक्त कोनाच्या तरी अंगात गेलं, बेटा. साफ होतं म्हनून गेलं. तुले काही नाई." पोरगी तडक म्हणाली, "मंग चला न तिथी. हेच सांगा त्याईले."

"मी नाई सांगत."

मी हातातली नळी ठेवलीच! म्हटलं, "साहेब, काय बोलून राह्यले तुमी? एक शब्द तं बोलाचा हाय! पोरीचं लग्न मोडून राह्यलं!"

साहेब माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, आज मी इच्यासाठी 'नाई' म्हनतो. उद्या दुसऱ्या कोनाच्या घरचे पुसतील, तिथी मले 'नाई' म्हनता नाई आलं, गप्प राहाव लागलं, तं माझं गप्प राहनं म्हंजेच 'हो' झालं ना? एकाले मोकळं केलं की बाकीचे सगळे फसले." मग पोरीकडे वळले. "तुझं तोंड तुझं हाय. तू सांग. मी तुझ्या बाजूले येऊन बसतो." पोरगी म्हणाली, "माझं कोन आयकते?" आणि उठून गेली. मला इतका राग आला की त्या दिवशी मी साहेबांना चहासुद्धा विचारला नाही.

तरी बैठक ठरली. मामाने मध्यस्थ घातला, इवाई पोराला घेऊन रविवारी सकाळी यायला तयार झाला. साहेब आणि मी एसटीने गेलो. अंगणात सतरंज्या टाकलेल्या. आम्ही बसलो, आणि पोराचा बाप आत आला.

मी त्या माणसाला ओळखलं. आता हे मी सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की पुढे त्याने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगितलं, नाहीतर माझी जीभ उचलली नसती. भद्रावतीच्या शिबिरात त्याने रक्त दिलं होतं, त्याची तपासणी मी केली होती, आणि साहेब त्याच्या परसातून कोंबडी घेऊन आले होते. त्यानंतर साहेबांनी कोंबडीच्याच निमित्ताने जाऊन त्याला किती वेळा सांगितलं, बायकोला आण, पोराला आण, तपासू, लस देऊ. तो कधीच आला नाही. घरात कोणाला पत्ताही लागू दिला नव्हता. आणि म्हणूनच तर कोंबडीचा अर्थ त्याला बरोबर कळला होता! लोकांच्या पोरीचं रक्त साफ, आणि याच्या पोराचं कोणी तपासलेलंच नाही. एका वस्तऱ्याने बापलेक दाढी करत असतील. धोका कोणाकडून कोणाला होता!

साहेबांचा चेहरा मात्र ढिम्म. पहिल्यांदाच भेटल्यासारखा रामराम केला.

इवाई घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमीच सांगा सगळ्यासमोर. या घरात बिमारी हाय का नाई?"

"मी कोनाच्या घरातलं काई सांगत नसतो, भाऊ."

"पाहा! नाई असती तं नाई म्हनाले काय जाते? पोराची जिंदगी हाय माझ्या. असल्या घरात द्याची काय?"

"इवाई, माझं रक्त..." पोरगी दारातून बोलायला लागली, तर मामाने तिलाच गप्प केलं, "तू आत जाय, मोठे बोलून राह्यले." मी तोंड उघडलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मले पानी आना." अंगणात समोरच माठ होता, माझ्यापेक्षा त्यांना जवळ. मी उठले, आणि दात खाऊन पाणी आणलं.

तेवढ्यात पोरीची माय डोळे पुसत म्हणाली, अगदी सरळ मनाने, "पन इवाई, एक मले समजत नाई. मी तं तुमाले एवढंच म्हनलं का डॉक्टर कोंबडी घेऊन गेले. कोंबडी नेली म्हंजे घरात बिमारी, हे तुमाले कसं समजलं?"

मामा पुढे वाकला. पोराने बापाकडे पाहिलं. बाप रुमालाने मान पुसायला लागला. माझ्या मनात आलं, आता सापडलास लेका! खरंच सांगते, मला आनंद झाला.

आणि साहेब बोलले. "मी बोललो असन."

सगळे तिकडे वळले.

"भद्रावतीच्या स्टँडवर चहा पेता पेता बोलून गेलो असन कोनाजवळ. का मी रिपोर्ट सांगाले जातो तं कोंबडी घेऊन येतो म्हनून. तेच फिरत फिरत यायच्या कानावर गेलं. माझं तोंड लय चालते. माफ करा."

माझ्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राहिला. ज्या माणसाने सिव्हिल सर्जनला, मंत्र्याच्या माणसाला, स्वतःच्या बायकोला कधी एक नाव सांगितलं नाही, तो माणूस भर अंगणात सांगत होता की मी चहाच्या टपरीवर बडबडतो! मामा तर उसळलाच. "सरकारी पगार खाता अन् लोकाईच्या बिमाऱ्या स्टँडवर सांगत फिरता? शरम नाई वाटत?" माय म्हणाली, "म्या तुमाले घरात बसवून चहा पाजला, साहेब." मध्यस्थ म्हणाला, याची वर तक्रार केली पाहिजे. साहेब मान खाली घालून ऐकत होते, स्वेटरचं बटण चाचपत. मी रडले. रागाने रडले, पण रडले.

इवाई सुटला होता. त्याला फक्त गप्प बसायचं होतं.

"नाई," तो म्हणाला. आवाज असा आला की आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. "डॉक्टर खोटं बोलून राह्यले. त्याईनं कोनाले काई नाई सांगतलं. थे माझ्या घरी आलते. मलेच हाय थे बिमारी. म्हनून मले समजलं."

पोरगा उभा राहिला. "बाबा?"

"मी घाबरलो रे. तुले अन् तुझ्या मायले कसं सांगू, समजत नव्हतं. अन् दुसऱ्याच्या घरी तेच हाय असं वाटलं तं अजूनच घाबरलो."

आता कोणीतरी साहेबांची माफी मागेल, असं मला वाटलं. पण साहेबच भडकले! "तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले? मी इतकं तोंड काळं करून घेतलं, सगळं वाया घालवलं तुमी! बोलाचंच होतं तं तवा काऊन नाई बोलले, मी बोलावून बोलावून थकलो तवा? पोराले लस नाई, बायकोले लस नाई. हे थुंकीनं नाई होत, हातात हात घेतल्यानं नाई होत, संग जेवल्यानं नाई होत. लपवल्यानं वाढते फक्त!" आयुष्यात मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नाही. इवाई पोरासारखा ऐकत बसला होता.

मामाने हात झटकले. "बस झालं. आता आमालेच नाई कराची हे सोयरिक." मायही मान हलवायला लागली. दोन्हीकडून मोडलं होतं.

तेव्हा पोरगी दारातून अंगणात आली. कोणाची परवानगी न घेता सतरंजीवर येऊन बसली, अगदी मध्ये. इवाईकडे बघून म्हणाली, "माझं रक्त तपासलं हाय. साफ हाय. मघाच सांगत होती, कोनी आयकलं नाई." मग पोराकडे वळली. "तुमचं तपासलं काय?"

पोरगा म्हणाला, "नाई."

"मंग चाला. आत्ताच. काई नाई निघालं तं तुमी लस घ्या. निघालं तं औषध हाय, अन् लस मी घेईन. मी नर्सिंग शिकून राह्यली, मले हे समजते. लगन कराचं का नाई थे आपन दोघं पाहू." आणि मामाला म्हणाली, "अन् तुमी आता मले आत जाय म्हनू नका."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं चंद्रपूरची गाडी किती वाजता आहे.

रक्तपेढीला रविवार नसतो. दुपारच्या एसटीत आम्ही सगळे होतो, इवाई खिडकीशी, पोरगा त्याच्या शेजारी, बापाच्या खांद्यावर हात टाकून. लॅबमध्ये पोराने बाही वर केली. पोरगी त्याच्यासमोर स्टुलावर बसून होती, डोळे सुईवर. रक्त मी काढलं. तपासणीही मीच केली, दोनदा केली. साहेब आत आले, मी त्यांना काय ते दाखवलं, आणि ते पोरगा-पोरगी दोघांना घेऊन बाहेर गेले, जिथे गाड्यांचा सगळ्यात जास्त गोंगाट असतो तिथे.

रिपोर्ट काय आला, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलंय. त्या दोघांच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा एका बाईने विचारलं. मी तिला म्हटलं, लग्न लागलेलं दिसून राह्यलं ना तुम्हाला? मग वरण वाढू का?